जॉर्जटाउनचं कर्ज आणि विकलेली २७२ माणसं

वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठाने २०१७ साली आपल्या आवारातल्या एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं. त्याआधी अनेक वर्षं ती इमारत फादर थॉमस मलेडी यांच्या नावाने ओळखली जायची. १९ जून १८३८ रोजी मलेडी यांनी ज्या करारावर सही केली, त्याला २७२ माणसांची यादी जोडलेली होती. यादीत पहिलं नाव आयझॅकचं होतं, वय ६५.

जॉर्जटाउन हे अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथलिक विद्यापीठ, १७८९ सालचं. चालवणारे जेझुइट, म्हणजे मुंबईत १८६९ साली सेंट झेवियर्स कॉलेज काढणारा तोच धर्मसंघ. हे धर्मगुरू मेरीलँडमध्ये १६३४ सालीच पोहोचले होते आणि सेंट इनिगोज, न्यूटाउन, व्हाइट मार्श अशा ठिकाणी त्यांचे मोठमोठे मळे होते. तिथे तंबाखू आणि धान्य पिकवायला साधारण १७०० पासून आफ्रिकी वंशाचे गुलाम राबत होते. त्या उत्पन्नावर चर्च चालायची, पुढे शिक्षणही. म्हणून गुलामगिरीला कॉलेजच्या इतिहासातलं एक काळं पान म्हणून बाजूला ठेवता येत नाही. कॉलेजचा पायाच तिच्यावर होता.

मलेडी १८२९ मध्ये कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी कर्ज काढून बांधकामाचा सपाटा लावला. इकडे मळ्यांचं उत्पन्न घटलेलं. शेती सोडून शहरांतल्या शाळा-कॉलेजांकडे वळावं, असं तरुण, अमेरिकेत जन्मलेल्या जेझुइटांना वाटत होतं. मग माणसांचं काय करायचं? टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याचा विचार पुढे आला होता, तो मागे पडला. युरोपातून आलेल्या काही वडीलधाऱ्यांनी विक्रीला कडाडून विरोध केला, तोही चालला नाही.

रोममधले संघप्रमुख यान रोथान यांनी १८३६ मध्ये परवानगी दिली, पण अटी घालून. कुटुंबं तोडायची नाहीत. नव्या मालकाकडे धर्माचरणाची सोय हवी. आणि आलेला पैसा कर्जफेडीला वापरायचा नाही, नव्या जेझुइटांच्या शिक्षणासाठी गुंतवायचा. या अटी वाचताना मला राग येतो. काय होणार आहे हे लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं, तरी परवानगी दिली गेली.

खरेदीदार दोघे: लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि मळेवाले जेसी बेटी. किंमत १,१५,००० डॉलर. पहिला हप्ता २५,००० चा आला आणि त्यातले १७,००० थेट कॉलेजच्या कर्जात गेले. एक अट तिथेच मोडली. माणसं गोळा करताना नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे असं झालं, कारण जोडीदार शेजारच्या दुसऱ्या मालकाचा असला तर तो मागेच राहायचा. काही जण रानात लपून वाचले. उरलेल्यांपैकी बरेच जण अलेक्झांड्रिया बंदरातून ‘कॅथरीन जॅक्सन’ या जहाजावर चढवले गेले आणि १८३८ च्या डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सला उतरले. त्यात तेरा वर्षांचा कॉर्नेलियस हॉकिन्सही होता. पुढे १८४८ मध्ये एका जेझुइटाने लुइझियानातून मलेडींना कळवलं, की या लोकांना ना चर्च आहे ना धर्मगुरू. बेटी वारल्यावर मळ्यासकट माणसं पुन्हा विकली गेली.

मलेडी विक्रीच्या वेळी मेरीलँडच्या जेझुइटांचे प्रमुख होते. रोमने त्यांना त्या पदावरून दूर केलं, काही काळ फ्रान्सच्या बाजूला नीसला पाठवलं. पण १८४३ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या नव्या होली क्रॉस कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले.

एवढं सगळं आज नावानिशी सांगता येतं, कारण धर्मगुरूंनी बाप्तिस्मा आणि लग्नं नोंदवून ठेवली होती. जहाजाची यादीही उरली आहे. या कागदांच्या आधारे वंशज शोधले गेले. त्यातले बरेच जण अजून लुइझियानातल्या मॅरिंग्विन या लहानशा गावात आहेत. कॉर्नेलियसची कबर तिथल्याच कॅथलिक दफनभूमीत आहे.

जॉर्जटाउन एकटं नव्हे. बार्बाडोसमधलं कॉडरिंग्टन कॉलेज ज्या अँग्लिकन मिशनरी संस्थेने उभारलं, तिच्या मळ्यांवर गुलामांच्या छातीवर संस्थेच्या नावाचा डाग दिला जायचा. केंटकीतल्या सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीने २०१८ मध्ये मान्य केलं, की तिच्या चारही संस्थापकांकडे मिळून पन्नासहून जास्त गुलाम होते.

जॉर्जटाउनमध्ये विषय पेटला तो २०१५ च्या नोव्हेंबरात. विद्यार्थी विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसले. २०१६ मध्ये प्रवेशात वंशजांना प्राधान्य देण्याचं ठरलं, २०१७ मध्ये विद्यापीठाने आणि जेझुइटांनी वंशजांसमोर माफी मागितली. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान घेऊन दर सत्राला २७.२० डॉलर वंशजांसाठी देण्याचं ठरवलं. सुमारे दोन तृतीयांश मतं बाजूने पडली. विद्यापीठाने ती फी मात्र लावली नाही, देणग्यांतून वर्षाला सुमारे चार लाख डॉलर उभारू असं सांगितलं. ज्या पैशाने विद्यापीठ तरलं तो देणगीचा नव्हता, त्यामुळे हा मार्ग मला अपुरा वाटतो. २०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांसोबत उभारलेल्या न्यासाला १० कोटी डॉलर देण्याचं वचन दिलं. त्यावरही वंशजांत एकमत नाही. वाटाघाटीत आम्हाला कोणी विचारलंच नाही, असं त्यांच्यातले काही जण सांगतात.