‘तिकडे याचा अर्थ असा नाही’: ओताकू, शोनेन आणि ॲनिमे-चाहत्यांच्या इतर वादांची पार्श्वभूमी

ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, चाहत्यांमध्ये एखाद्या शब्दावरून जुंपली की थोड्याच वेळात कोणीतरी जपानचा दाखला काढतं: ‘तिकडे याचा अर्थ असा नाही.’ दाखला सहसा खरा असतो, पण अर्धाच. कुठल्या सालचं जपान, हे त्यात नसतं. ‘ओताकू’, म्हणजे ॲनिमेसारख्या गोष्टींचा वेडा चाहता, हा एकच शब्द घ्या. १९८३चा, १९८९चा आणि २००५चा जपानी माणूस एका खोलीत बसवला, तर त्या शब्दावरून त्या तिघांतच भांडण लागेल.

मुळात ‘ताकू’ म्हणजे घर आणि आधी लागलेला ‘ओ’ आदराचा. ‘तुमचं घर’ असं म्हणून समोरच्या माणसाला संबोधायचं, तेही फारशी जवळीक नसताना. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या सुरुवातीला विज्ञानकथा आणि ॲनिमेच्या वेडाने एकत्र आलेले तरुण एकमेकांना असंच हाक मारू लागले. वय विशी-बाविशीचं आणि बोलणं एखाद्या शेजारच्या काकूंसारखं, हे बाहेरच्यांना चमत्कारिक वाटे. १९८२च्या ‘माक्रोस’ या ॲनिमे मालिकेत तर नायक नायिकेशी बोलतानाही ‘ओताकू’ वापरतो. शोजी कावामोरी, हारुहिको मिकिमोतो हे ती मालिका घडवणारे केइओ विद्यापीठातले तरुण याच वर्तुळातले होते.

संबोधनाचं विशेषण झालं ते जून १९८३मध्ये. ‘मांगा बुरिक्को’ या प्रौढांसाठीच्या मासिकात आकिओ नाकामोरी यांनी ‘ओताकूंचा अभ्यास’ नावाचं सदर सुरू केलं. तोक्योत कॉमिकेत नावाचा हौशी मांगांचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, बाजार भरत असे. डिसेंबर १९७५मध्ये तो पहिल्यांदा भरला तेव्हा जेमतेम ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती. पुढे गर्दी वाढत गेली. त्या गर्दीचं वर्णन नाकामोरींनी केलं ते असं: आईने दुकानातून आणलेले स्वस्तातले शर्ट घालणारी, वर्गात कोपऱ्यात बसणारी, मुलींशी धड न बोलणारी पोरं, आणि ही पोरं एकमेकांना ‘ओताकू’ म्हणतात, तर आपण यांनाच ओताकू म्हणू. निव्वळ टिंगल होती ती. गंमत म्हणजे ज्या मासिकात ती छापली जात होती, त्याचे वाचक हेच होते. संपादक एइजी ओत्सुका यांनी थोड्या महिन्यांत सदर बंद केलं. शब्द मात्र राहिला, पण एका लहान वर्तुळापुरता.

सगळ्या जपानला तो कळला १९८९च्या उन्हाळ्यात आणि अत्यंत वाईट कारणाने. चार लहान मुलींच्या खुनांसाठी त्सुतोमु मियाझाकी नावाच्या तरुणाला अटक झाली. (दिग्दर्शक हायाओ मियाझाकींशी याचा काहीही संबंध नाही; आडनाव एकच.) त्याच्या खोलीत पाच हजारांहून जास्त व्हिडिओ कॅसेटी रचलेल्या होत्या. ते छायाचित्र सगळीकडे छापून आलं आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘ओताकू खुनी’ करून टाकलं. पुढची अनेक वर्षं जपानमध्ये स्वतःला ओताकू म्हणवणं म्हणजे लोकांच्या संशयाला आमंत्रण होतं.

नेमक्या याच काळात हा शब्द अमेरिकेत पोचत होता. कॉलेजांतली मंडळं, हाताने उपशीर्षकं चिकटवलेल्या कॅसेटी, एकाकडून दुसऱ्याकडे टपालाने जाणारी पार्सलं, असा त्याचा प्रवास झाला. खुनाची बातमी त्या पार्सलांतून गेली नाही. गेली ती गाइनॅक्स स्टुडिओची १९९१ची ‘ओताकू नो व्हिडिओ’ ही चित्रफीत, ज्यात ओताकू स्वतःवर हसतात आणि जगावर राज्य करायची स्वप्नंही बघतात. १९९४ साली पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या चाहत्यांच्या संमेलनाने आपलं नावच ‘ओताकॉन’ ठेवलं. अमेरिकेत ‘ओताकू’ ही अभिमानाने छातीवर लावायची पट्टी झाली. अमेरिकन चाहत्यांना शब्द समजला नाही, असं म्हणण्यापेक्षा त्यांच्यापर्यंत त्याचा एकच तुकडा आला, असं म्हणणं मला जास्त रास्त वाटतं.

जपानमध्येही शब्द सावरत होता. गाइनॅक्सचे एक संस्थापक तोशिओ ओकादा यांनी नव्वदच्या दशकात तोक्यो विद्यापीठात ओताकू संस्कृतीवर व्याख्यानं दिली आणि १९९६मध्ये ‘ओताकूशास्त्र प्रवेश’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं. त्यांचा ओताकू म्हणजे तयारीचा रसिक, चित्राच्या एका चौकटीवरून ती कोणी काढली हे ओळखणारा. त्यानंतर २००४-०५मध्ये ‘देन्शा ओतोको’ आलं. आगगाडीत दारुड्यापासून एका बाईला वाचवणारा बुजरा ओताकू आणि तिच्याशी कसं बोलावं याचे सल्ले त्याला इंटरनेटवर देणारे अनोळखी लोक, अशी ती गोष्ट. तिचं पुस्तक, चित्रपट आणि मालिका तिन्ही झालं, आणि घरोघरच्या आयांना ओताकू हा भला, जरा भित्रा मुलगा वाटू लागला. आज तिकडे आगगाड्यांचा ओताकू असतो, इतिहासाचा असतो, आणि शब्द निम्म्या वेळा हसत हसत वापरला जातो.

अमेरिकेत मात्र ओताकू ही पदवी ठरल्यामुळे शिवीची जागा रिकामी राहिली होती. ती ‘वीब’ने भरली. जपानी होण्याची हौस असलेल्यांना ‘वॅपनीज’ म्हणून हिणवायची पद्धत होती. २००५च्या सुमारास फोरचॅन या चर्चेच्या संकेतस्थळावर त्या शब्दाचा इतका सुळसुळाट झाला की चालवणाऱ्यांनी तो टंकला की आपोआप ‘वीआबू’ उमटेल अशी सोय केली. वीआबू हा एका व्यंगचित्रमालिकेतला पूर्णपणे निरर्थक शब्द. त्याचं ‘वीब’ झालं, आणि आता मुंबई-पुण्याची पोरंही टीशर्टवर तो मिरवतात. ओताकूने जो रस्ता वीसेक वर्षांत कापला, तोच याने त्याहून लवकर कापला.

‘शोनेन’चं भांडण वेगळ्या जातीचं आहे. इथे बदनामी नाही, खातं कुठलं एवढाच प्रश्न आहे. शोनेन म्हणजे मुलगा. १७ मार्च १९५९ रोजी ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही दोन साप्ताहिकं एकाच दिवशी निघाली. ‘शोनेन जंप’ १९६८चं. नावातला मुलगा हा ग्राहक, कथेचा प्रकार नव्हे. आपल्याकडे बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं; त्यात छापलेल्या विज्ञानकथेला, विनोदी कथेला आणि प्रवासवर्णनाला कोणी एकत्र करून ‘किशोर’ नावाचा साहित्यप्रकार म्हणत नाही. पण ॲनिमेत नेमकं तेच झालं. ‘डेथ नोट’ ही मांगा २००३ ते २००६ ‘शोनेन जंप’मध्येच आली, आणि तरीही ती शोनेन नाहीच असं तावातावाने सांगणारे भेटतात, कारण तिच्यात मारामारी नाही आणि नायक खुनी आहे.

उलट बाजूचे, म्हणजे ‘मासिक बघा आणि गप्प बसा’ म्हणणारे, तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत, पण त्यांचीही पंचाईत होते. ‘विनलँड सागा’ ही मांगा २००५मध्ये ‘शोनेन मॅगझिन’ साप्ताहिकात सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रौढ वाचकांच्या ‘आफ्टरनून’ मासिकात गेली. लेखक तोच, तलवारी त्याच. मग ती डिसेंबरमध्ये वयात आली का?

गोंधळाचं मूळ मला वाचकांच्या अडाणीपणात दिसत नाही, ते वितरणात आहे. जपानी वाचक जाडजूड साप्ताहिक विकत घेतो. त्यात प्रेमकथा, खेळ, भुतं सगळं शेजारी शेजारी असतं, त्यामुळे शोनेन म्हणजे अमुकच असं त्याच्या मनात येत नाही. परदेशात मासिकं फारशी पोचली नाहीत. पोचली ती एकेका मालिकेची पुस्तकं, ज्यांच्या पाठीवर ‘शोनेन जंप’ची मोहर, आणि त्यातही आधी खपली ती मारामारीची. मैत्री, कष्ट, विजय ही जंपची त्रिसूत्री मग सगळ्या शोनेनची व्याख्या बनली. आता ॲनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोल या संकेतस्थळावर शोनेन हा शब्द विनोदी आणि थरारक यांच्या रांगेत, प्रकार म्हणूनच लावलेला आहे. ही लढाई व्याकरणवाद्यांनी हरल्यात जमा आहे.

आणि खुद्द ‘ॲनिमे’? जपानमध्ये १९५८च्या सुमारास लोक ‘मांगा चित्रपट’ म्हणत. ‘ॲनिमे’ रुळला तो सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, ‘यामातो’ या अंतराळकथेची लाट आली आणि १९७८मध्ये ‘ॲनिमेज’ मासिक निघालं तेव्हा. तिथे डिस्नेचा चित्रपटही ॲनिमेच. बाहेर फक्त जपानचा तो ॲनिमे. ही सीमा आपल्याकडे आली की गंमत होते. युगो साको आणि मुंबईचे राम मोहन यांचं १९९२चं रामायण २०२५च्या जानेवारीत भारतात चित्रपटगृहांत लागलं, तेव्हा ते ॲनिमे की भारतीय चित्रपट यावर लोक हिरिरीने बोलत होते. आणि १९९३मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल जंगल बात चली है’ ऐकत मोगली बघणाऱ्या पिढीने निप्पॉन ॲनिमेशनचं काम बघितलं होतं, फक्त त्याला ती कार्टून म्हणत होती. माझ्या मते तीही चूक नव्हती.

सध्या नवा वाद ‘ओशी’चा आहे. आयडल म्हणवल्या जाणाऱ्या तरुण पॉप गायिकांच्या चाहत्यांकडून आलेला हा शब्द पुढे रेटणं, शिफारस करणं या क्रियापदावरून बनला. जपानमध्ये ओशी म्हणजे जिच्यासाठी तुम्ही तिकिटं काढता, वस्तू घेता, चार लोकांना ओढून आणता ती व्यक्ती किंवा पात्र. या खटाटोपाला ‘ओशिकात्सू’ म्हणतात आणि २०२१मध्ये तो शब्द तिथल्या वर्षाच्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत होता. २०२३मध्ये ‘ओशी नो को’ मालिका जगभर गाजली आणि शब्द बाहेर पडला. बाहेर तो नुसता ‘आवडतं पात्र’ या अर्थाने फिरतो, पैसे आणि खटाटोप गाळून. ‘तिकडे याचा अर्थ असा नाही’ म्हणणारे हजर झालेच आहेत.