ढिला तळ आणि आवळलेला तळ: पुरुषांनी केगल सुरू करण्याआधी

खोकला आला की कपड्यांत थेंब गळतात, ही एक तक्रार. तासभर बसलं की वृषणांच्या मागं जळजळ सुरू होते, ही दुसरी. मोबाइलवर दोन्हींना एकच उत्तर मिळतं: केगल करा, म्हणजे लघवी धरणारे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम. पहिल्या माणसाला त्याचा बहुधा उपयोग होतो. दुसऱ्याचं दुखणं मात्र त्यानं वाढू शकतं, आणि इथं सोलापुरात फिजिओथेरपीला येणाऱ्या पुरुषांत असा चुकीच्या व्यायामानं हैराण झालेला माणूस मला पुन्हा पुन्हा भेटतो.

पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाचा तळ, बाळंतिणींचाच, असा समज अजून आहे. पण हा तळ पुरुषांनाही असतो. पुढं जघनाच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत पसरलेला स्नायूंचा हा थर मूत्राशय आणि गुदाशयाला खालून आधार देतो, लघवी-संडास धरून ठेवतो आणि वेळ आली की सैल सुटतो. धरणं बिघडलं तर एक तक्रार, सुटणं बिघडलं तर दुसरी. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी, म्हणजे धरणं कमी पडलेल्यांसाठी. हे लक्षात ठेवलं तरी निम्मा घोळ मिटतो.

धरणं कमी पडलेला पुरुष बहुतेक वेळा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर येतो. कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढली की मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप मिटणारा स्नायूचा वेढाही दुबळा होतो, आणि सगळा भार खालच्या, आपल्या इच्छेनं आवळता येणाऱ्या स्नायूंवर येतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एखादे काका खुर्चीवरून उठताना गळेल म्हणून लग्नाकार्याला जाणं सोडतात. एप्रिल-मेच्या उन्हात पाणीसुद्धा तोडतात, आणि तिथंच फसतात: लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुरते, घाई उलट वाढते. यांना केगलच हवं, पण नीट. वारा अडवताना आवळतो तसं मागून आवळायचं आणि त्याच वेळी लिंग किंचित आत ओढल्यासारखं करायचं. पोट, मांड्या, कुल्ले सैल, श्वास चालू. पाच सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू धरणं दहा सेकंदांवर न्यायचं. खोकायच्या, उठायच्या, पिशवी उचलायच्या आधी क्षणभर आवळून घ्यायची सवय लावली की फरक लवकर जाणवतो. ताकद यायला दीड ते तीन महिने लागतात. ऑपरेशननंतर वर्षभर सुधारणा होत राहते. जमल्यास हे ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावं. लघवी करता करता मध्येच थांबवून सराव मात्र करू नये, त्यानं मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागते.

दुसरा माणूस बहुधा तरुण असतो. गणवेशाच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारा कारागीर घ्या. नगावर पैसे, त्यामुळं लघवी आली तरी तो उठत नाही. दिवसभर बूड टेकलेलं, खालचं सगळं आवळलेलं. तो येतो तेव्हा सांगतो, “सर, खाली दुखायलंय, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल आलेत.” प्रोस्टेटला सूज आहे म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स झालेले असतात. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नसतात. प्रोस्टेटायटिस म्हणून बघितल्या जाणाऱ्या जुनाट दुखण्यात बहुतांश वेळा जंतुसंसर्ग सापडतच नाही, आणि अशा अनेकांच्या दुखण्यात तळाच्या स्नायूंचा वाटा असतो. यांची लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक असते, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं. वीर्यपतनानंतर दुखतं. त्यातून गुप्तरोगाची भीती बसते, भीतीनं माणूस आणखी आवळून धरतो, आणि आवळल्यानं दुखणं वाढतं. भिंतींवरच्या ‘मर्दाना कमजोरी’च्या जाहिराती या भीतीवरच पैसा कमावतात, याचा मला मनापासून राग येतो.

दिवसभर मूठ आवळून ठेवली तर हात दुखेल, आणि वर कोणी जोर मागितला तर पकडही ढिली पडेल. आवळलेला स्नायू असाच दुखराही होतो आणि दुबळाही. म्हणूनच या दोघांची गफलत होते. लघवीची घाई दोघांनाही होऊ शकते, ताठरतेची अडचणही. नुसत्या लक्षणांवरून घरी ठरवायला जाऊ नये.

तपासणीत फरक कळतो. श्वास आत घेतला की छातीखालचा पडदा खाली येतो आणि त्याच्याबरोबर हा तळही खाली उतरायला हवा. आवळलेल्या माणसाला कुशीवर झोपवून “पोटात श्वास घ्या, खाली सैल सोडा” म्हटलं, की छाती वर जाते, कुल्ले घट्ट होतात, आणि सोडतोय असं वाटत असताना तो आवळतच असतो. नीट अंदाज घ्यायचा तर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटानं तपासावं लागतं. ते आधी समजावून, विचारूनच करायचं असतं. नको म्हणायचा हक्क रुग्णाला आहे.

आवळलेल्या माणसाला आधी सोडायला शिकवावं लागतं. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर टेकवायच्या आणि सावकाश पोटानं श्वास घ्यायचा. बालासन, आधार घेऊन मलासन. मांड्यांच्या आतल्या बाजूचे आणि कुल्ल्यांचे स्नायू ताणायचे. आतल्या दुखऱ्या गाठी फिजिओथेरपिस्ट हातानं दाबून सोडवतो. मशीनवरून तासातासाला उठायचं, लघवीला जोर लावायचा नाही, बद्धकोष्ठ राहू द्यायचं नाही. योगवर्गात मूलबंध, अश्विनी मुद्रा या तळ आवळायच्या क्रिया शिकवतात, त्या पहिल्या काकांना चालतील. याला तूर्त नकोत. सुटणं जमल्यावर, गरज असेल तर, बळकटीचं बघता येतं.

सुरुवात मात्र डॉक्टरांपासून करा: यूरोलॉजिस्ट किंवा सिव्हिलची सर्जरी ओपीडी. लघवीतून रक्त, थंडी-ताप, लघवी तुंबणं, जांघेत बधिरपणा किंवा पायातलं बळ जाणं, वृषणात अचानक जोराची कळ, यांतलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखाना गाठा. हे नाही असं ठरलं की फिजिओथेरपिस्ट शोधा. सगळेच हे काम करत नाहीत, त्यामुळं फोनवरच सरळ विचारा: पुरुषांच्या पेल्विक फ्लोअरची तपासणी करता का? आणि तोवर केगल चालू असेल व दुखणं वाढत असेल, तर ते आजच थांबवा.