उधाण आणि भांग: काणकोणच्या किनाऱ्यावरचा एक दिवस ठरवताना

दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यात पाळोळेच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला उभे राहिले की समोर झाडीने झाकलेले एक छोटे बेट दिसते. ओहोटीला तिथे चालत जाता येते, हे सुट्टीला आलेल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतेच. कोणत्या दिवशीच्या ओहोटीला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरहून आलेल्या आमच्या मामांनी मुद्दाम अष्टमीचा दिवस निवडला होता. भांग आहे म्हणजे पाणी कमी, असा त्यांचा हिशेब होता. सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे ऐन ओहोटीच्या वेळी आम्ही निघालो, तरी मध्यावर पाणी कमरेला लागले आणि मामींना घेऊन परत फिरावे लागले. त्यांना वेळीच समजावून सांगायला हवे होते, ही रुखरुख मला अजून आहे.

उधाण म्हणजे भरती आणि भांग म्हणजे ओहोटी, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. भरती आणि ओहोटी, किंवा इथल्या कोकणीत भरती आणि सुकती, या रोजच्या घटना आहेत. साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा भरती येते, म्हणूनच तिची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उधाण आणि भांग या पंधरवड्याच्या अवस्था आहेत. उधाणाच्या दिवसांत भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटी नेहमीपेक्षा खाली उतरते. भांगाच्या दिवसांत दोन्ही आखडतात, म्हणजे पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. बेटावर कोरड्या पायांनी जायचे असेल, तर उधाणाचीच ओहोटी हवी. मामांचा हिशेब नेमका इथे उलटा झाला होता.

समुद्राच्या पाण्यावर चंद्राची ओढ मुख्य असते आणि सूर्याचा भरतीवरचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, दोन्ही परिणामांची बेरीज होते आणि उधाण येते. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, एकाचा परिणाम दुसऱ्यातून वजा होतो आणि भांग लागतो. पाण्याला या ओढीला प्रतिसाद द्यायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे सर्वांत मोठे उधाण बहुधा तिथीच्या दिवशी नसून एक-दोन दिवसांनी, द्वितीयेच्या सुमारास दिसते. गोव्यात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटर भरतो आणि भांगात तो त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. भावनगरजवळच्या दहा मीटरांपुढे हे किरकोळ वाटेल, पण उताराच्या वाळूवर एक मीटर पाणी म्हणजे किनाऱ्याच्या रुंदीत कितीतरी पावलांचा फरक असतो.

वर्तमानपत्रांमुळे आणखी एक गोंधळ वाढतो. पावसाळ्यात वाऱ्याने लाटा उसळल्या की ‘समुद्राला उधाण’ असे छापून येते. ते उधाण वाऱ्याचे आणि लाटांचे असते, तिथीचे नसते. भांगाच्या दिवशीही समुद्र खवळलेला असू शकतो आणि पौर्णिमेलाही तो शांत असू शकतो. त्यामुळे पोहायचे की नाही, हे पंचांगावरून ठरवू नये. त्यासाठी जीवरक्षकांनी लावलेला बावटाच पाहावा.

दिवस आखताना वेळेचे गणित फार उपयोगी पडते. कोकणात एक जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरती या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून गोव्यात ती मुंबईच्या थोडी आधी येते, एवढे ध्यानात ठेवावे आणि नक्की वेळ भरतीच्या कोष्टकातच पाहावी. यातून निघणारी गोष्ट मला फार मोलाची वाटते. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारच्या आसपास आणि ओहोटी पहाटे व सायंकाळी येते, तर भांगाच्या दिवसांत ओहोटी साधारण दुपारकडे झुकते.

म्हणजे पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत आलात, तर उजाडताच बेटाकडे जावे आणि पाणी वळू लागताच परतावे. दुपारी पाणी भरलेले असताना वाळूवर बसण्यापेक्षा कोळंबच्या खडकाळ टोकावरून पाटणेकडे आणि पुढे राजबागेपर्यंत पायवाटेने चालावे; ओहोटीत उघडे पडणारे खालचे खडक तेव्हा टाळावेत. भांगात आलात, तर बेटाचा हट्ट सोडावा. तेव्हा नदीमुखांतला भरती-ओहोटीचा प्रवाह सौम्य असतो, तळपणच्या मुखाजवळ होडीतून फिरणे सुखाचे होते, आणि किनाऱ्याची रुंदी दिवसभर फारशी बदलत नसल्याने लहान मुलांना वाळूत खेळायला निश्चिंत जागा मिळते. गालजीबाग आणि आगोंदला ऑलिव्ह रिडले कासवे भरतीच्या रेषेच्या वर अंडी घालतात, म्हणून उधाणाची ओली खूण जिथे संपते त्याच्या वरच्या कोरड्या वाळूत हंगामात जपूनच पाऊल टाकावे.

उधाणाच्या सायंकाळची ओहोटी सर्वांत मोहाची असते, कारण वाळू दूरवर उघडी पडते आणि सूर्यही त्याच वेळी बुडतो. पाणी परत येते ते मात्र एकसारख्या वेगाने येत नाही. सहा तासांतल्या चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन भाग पाणी वाढते. दोन मीटरच्या उधाणात मधल्या एका तासात अर्धा मीटर, आणि तोवर डिसेंबरचा अंधार पडलेला असतो. बेटावर सूर्यास्त पाहायचा असेल, तर त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ आधी लिहून घ्यावी आणि पाणी तळाला असतानाच अलीकडच्या वाळूवर परत यावे.