नाईलवरचा प्रवास आखूड कसा झाला

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही टूर कंपनीचं इजिप्तचं वेळापत्रक घ्या, त्यात फार फरक सापडत नाही. कैरोत दोन रात्री, पिरॅमिड, म्युझियम. मग विमानाने अस्वान किंवा लक्सर, तिथून तीन-चार रात्री बोटीवर आणि परत. चौकशीला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे सध्या सेफ आहे ना?" दुसरा शाकाहारी जेवणाचा. कैरोही नाईलच्याच काठावर आहे, मग बोट कैरोहूनच का निघत नाही, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर खरं तर या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

लक्सर ते अस्वान हे अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटरचं. कैरो ते लक्सर त्याच्या जवळजवळ तिप्पट. या लांब पट्ट्यात बेनी हसनची थडगी आहेत, अखेनातेन या फेरोने वसवलेल्या राजधानीचे अमर्ना इथले अवशेष आहेत, अबायडॉसचं फेरो सेती पहिल्याचं देऊळ आहे, आणि अगदी लक्सरजवळ आलं की डेंडेराचं हाथोर देवीचं देऊळ. एकेकाळी नाईलची सफर म्हणजे हे सगळं. आज आपण जिला 'नाईल क्रूझ' म्हणतो ती त्या सफरीचं शेपूट आहे.

नदीची रचनाच प्रवासाला सोयीची. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे. वर, म्हणजे दक्षिणेला, जायचं तर शीड उभारायचं, खाली यायचं तर शीड गुंडाळून प्रवाहावर सोडून द्यायचं. प्राचीन चित्रलिपीत दक्षिणेच्या प्रवासासाठी शीड लावलेली बोट काढत आणि उत्तरेच्या प्रवासासाठी शीड उतरवलेली. त्यामुळे इथे हौशी प्रवासी फार लवकर आले, आणि त्यांच्याबरोबर सुरक्षेचा प्रश्नही आला. मात्र तेव्हा तो प्रश्न उलटा होता. रोमचं पोट इजिप्तच्या गव्हावर चाले. एखादा महत्त्वाकांक्षी सरदार तिथे जाऊन बसला तर राजधानीची उपासमार करू शकेल, म्हणून सम्राट ऑगस्टसने सिनेटरांना आणि बड्या सरदारांना परवानगीशिवाय इजिप्तमध्ये पाऊल टाकायला मनाई केली होती. इ.स. १९ मध्ये त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस याचा पुतण्या जर्मेनिकस न विचारताच गेला. अलेक्झांड्रियात तो शिपाई न घेता, ग्रीक पद्धतीचे कपडे घालून हिंडला, मग नदीने वर थीब्जला, म्हणजे आजच्या लक्सरला पोचला. तिथल्या एका वृद्ध पुरोहिताकडून त्याने शिलालेखांचा अर्थ समजून घेतला आणि पुढे अस्वानपर्यंत जाऊन आला. टायबेरियसने त्याला चांगलंच सुनावलं. पर्यटकाने परवानगी घेतली नाही आणि सरकारची झोप उडाली, अशी ही इथली बहुधा सर्वांत जुनी नोंद.

बंदुकीच्या सोबतीने देवळं बघायची प्रथा त्यानंतर अठराशे वर्षांनी आली. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. त्याचा सेनापती देझे हा मुराद बे या मामलुक सरदाराच्या मागावर दक्षिणेला निघाला, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर विवाँ देनों हा चित्रकार होता. फौज चालतेय, मध्येच चकमक होतेय आणि हा माणूस वेळ मिळेल तशी देवळांची चित्रं काढतोय, असा तो प्रकार. १७९९ च्या सुरुवातीला फौज अस्वानला पोचली. देनोंची चित्रं युरोपात गेली आणि तिकडे इजिप्तचं वेड लागलं.

मुंबईचा नाईलशी संबंध येतो तो याच्या पुढच्या टप्प्यावर. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुटली आणि सुमारे महिन्याभराने सुएझला लागली. तिथून वाळवंट ओलांडून कैरो आणि कैरोहून नदीने व कालव्याने अलेक्झांड्रिया असा विलायतेचा नवा रस्ता रुळला. आफ्रिकेला वळसा घालून जाण्यापेक्षा हा कितीतरी जवळचा. म्हणजे हौशी क्रूझच्याही आधी मुंबईहून विलायतेला जाणारे-येणारे लोक नाईलवरून प्रवास करत होते, आणि त्यांना देवळांपेक्षा पुढची बोट गाठायची घाई जास्त असे. १८५० च्या दशकात या वाटेवर रेल्वे आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि या प्रवाशांना नाईलची गरजच उरली नाही.

त्याच वर्षी थॉमस कुक आपली पहिली मंडळी घेऊन नाईलवर आला. तोवर श्रीमंत लोक 'दहाबिया' भाड्याने घेत. ही शिडाची, वर खोल्या बांधलेली लांबट बोट असे. तिचा खलाशी, स्वयंपाकी, दुभाष्या असा सगळा लवाजमा, आणि प्रवास महिनोन्‌महिन्यांचा. कुकने वाफेची बोट, ठरलेलं भाडं आणि ठरलेला कार्यक्रम आणला. आज आपण 'पॅकेज' म्हणतो ते नाईलवर दीडशे वर्षांपूर्वीच आलं होतं.

पण नाईलवरच्या कुकच्या धंद्याला खरं वळण दिलं ते एका लढाईने. सुदानमध्ये महदी या धर्मनेत्याच्या बंडखोरांनी खार्टूमला वेढा घातला, आत ब्रिटिश जनरल गॉर्डन अडकला. १८८४ मध्ये त्याच्या सुटकेसाठी ब्रिटिश फौज पाठवायची ठरली आणि ती नदीने वर न्यायचं कंत्राट मिळालं कुक कंपनीला. थॉमसचा मुलगा जॉन मेसन कुक हा सगळा व्यवहार बघत होता. सुमारे १८ हजार सैनिक, कोळसा, रसद, होड्या असं सगळं पर्यटकांच्या बोटींनी वाहून नेलं. उपयोग झाला नाही. जानेवारी १८८५ मध्ये खार्टूम पडलं आणि गॉर्डन मारला गेला. बोटींचीही दुर्दशा झाली. मग कंपनीने स्वतःचा नवा, अधिक आलिशान ताफा बांधला आणि नाईलवर तिची जवळजवळ मक्तेदारी झाली. पर्यटन आणि लष्कर इथे पहिल्यापासून एकाच धक्क्याला बांधलेले आहेत. आज बोटीजवळ बंदूकधारी दिसला की आपण दचकतो, पण त्यात नवीन काही नाही.

पुढचा मोठा बदल केला अस्वानच्या उंच धरणाने. १९६० ते १९७० या काळात ते उभं राहिलं. अबू सिंबेलची देवळं कापून वर उचलावी लागली, फिलेचं देऊळ शेजारच्या बेटावर हलवावं लागलं, नुबियातली माणसंही उठवली गेली. धरणाच्या खाली दरवर्षीचा महापूर थांबला आणि नदीची पातळी बारमाही आटोक्यात आली. सपाट तळाची चार-पाच मजली तरंगती हॉटेलं चालवणं त्यामुळे सोपं झालं. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात त्यांची संख्या वाढत गेली. कैरो ते अस्वान असा दहा-बारा दिवसांचा प्रवास अजून चालू होता.

तो ज्या पट्ट्यात अडला तो मध्य इजिप्तचा, मिन्या आणि असयूत या जिल्ह्यांचा. दाट शेती, गरिबी, शिकलेल्या बेकार तरुणांची फौज आणि कैरोने कायम केलेलं दुर्लक्ष. ६ ऑक्टोबर १९८१ ला राष्ट्राध्यक्ष सादात यांची हत्या झाली, आणि दोनच दिवसांनी असयूतमध्ये 'अल-गमाआ अल-इस्लामिया' या जहाल इस्लामी संघटनेने उठाव केला, पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. १९९२ पासून या संघटनेने पर्यटकांना लक्ष्य करायला सुरुवात केली. हिशेब सरळ होता. सरकारचा परकीय चलनाचा झरा आटवायचा. त्या ऑक्टोबरमध्ये दैरूतजवळ पर्यटकांच्या बसवर गोळीबार होऊन एक ब्रिटिश महिला मारली गेली. असयूतच्या परिसरातून जाणाऱ्या क्रूझच्या बोटींवर काठावरून गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या.

इथे उसाचा संबंध येतो, आणि तो पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. उभ्या उसात माणूस शिरला की दहा पावलांवरून दिसत नाही. हल्लेखोर उसातून यायचे, उसातच नाहीसे व्हायचे. सरकारने रस्त्यांच्या कडेचा ऊस तोडायला लावला. गावांत संचारबंदी, धरपकड, घरं पाडणं हेही चाललं. शेतकरी दोन्हीकडून भरडला गेला. नदीवरची बोट तर उघडं लक्ष्य. ती संथ चालते, तिचा मार्ग बदलता येत नाही, आणि वरच्या डेकवर आरामखुर्च्यांत माणसं बसलेली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत कैरो-लक्सर फेऱ्या बंद पडल्या. बोटी सगळ्या दक्षिणेला, लक्सर-अस्वानच्या टापूत एकवटल्या. थोडक्या दिवसांत थोडक्या पैशांत सफर हवी असणाऱ्या नव्या पर्यटकाला तेच सोयीचंही होतं. भीती आणि सोय अशा एकाच दिशेला आल्या की प्रथा पडते.

पण सुरक्षित मानलेल्या टापूतच सर्वांत मोठा घाव बसला. १७ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी लक्सरच्या पश्चिम तीरावर, देर अल-बहरी इथल्या राणी हत्शेपसुतच्या देवळात सहा बंदूकधारी घुसले. अंगात पोलिसांसारखे गणवेश. पाऊण तास हत्याकांड चाललं. ६२ माणसं मेली. त्यांत ५८ परदेशी पर्यटक होते, ३६ एकट्या स्वित्झर्लंडचे, १० जपानचे. बाकीचे चौघे इजिप्शियन. त्याच वर्षी जुलैत तुरुंगातल्या नेत्यांनी शस्त्रं खाली ठेवायची घोषणा केली होती, आणि ती मोडून काढण्यासाठीच संघटनेतल्या दुसऱ्या गटाने हे केलं, असं मानलं जातं. उलटंच झालं. लक्सरचं पोट पर्यटकांवर चालणारं. टांगेवाला, नावाडी, दगडी मूर्ती कोरणारा कारागीर यांच्यापैकी कुणालाच हे सहन होणं शक्य नव्हतं. देशभर संताप उसळला, गृहमंत्र्यांचं पद गेलं, आणि १९९९ पर्यंत संघटनेने हिंसाचार थांबवल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं.

यानंतर आली ताफ्यांची राजवट. लक्सर-अस्वान किंवा लक्सर-हुर्घाडा रस्त्याने जायचं तर पर्यटकांच्या सगळ्या गाड्या ठरलेल्या वेळी एकत्र जमायच्या आणि पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या घेऊन निघायच्या. हल्ला करणाऱ्यालाही वेळ आधीच कळावी, अशी ही व्यवस्था. तिच्यावर टीका झाली ती योग्यच होती. दशकभराने ती बरीचशी उठली. पहाटे चारच्या सुमाराला अस्वानहून अबू सिंबेलला निघणारा ताफा मात्र त्यानंतरही टिकला. काही परदेशी गटांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर सूट घातलेला एक गृहस्थ बसतो. कोटाची एक बाजू जरा फुगलेली असते. तोही त्याच काळाचा वारसा.

नदीवर मात्र या सगळ्याची जाणीव फारशी होत नाही. एस्नाला बंधाऱ्याच्या लॉकमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट पलीकडे नेणाऱ्या कोंडीत, शिरायला बोटींची रांग लागते. तेवढ्यात लहान होड्या येऊन मोठ्या बोटीला बिलगतात. खालून विक्रेते हाका मारतात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला गलाबिया (तिकडचा पायघोळ अंगरखा) नाहीतर टेबलक्लॉथ नेम धरून चौथ्या मजल्याच्या डेकवर फेकतात. घासाघीस वर-खाली ओरडूनच होते. पटलं तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही पटलं तर माल परत फेकायचा. लक्सरला धक्क्यावर जागा कमी म्हणून बोटी एकमेकींना खेटून लागतात, आणि काठावर उतरायला चार-पाच अनोळखी बोटींच्या लॉबीतून चालत जावं लागतं. आपल्या खिडकीचा पडदा उघडला तर समोर दुसऱ्याची खिडकी.

२०११ च्या क्रांतीनंतर याच बोटी वर्षानुवर्षं धक्क्याला नुसत्या बांधून राहिल्या. २०१० मध्ये इजिप्तला सुमारे १ कोटी ४७ लाख पर्यटक आले होते, २०१६ मध्ये ते ५४ लाखांवर घसरले. टांग्याच्या घोड्यांना चारा मिळेना. जून २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांनी तर कहरच केला. लक्सरच्या गव्हर्नरपदी त्यांनी अल-गमाआ अल-इस्लामियाच्याच राजकीय पक्षाचा माणूस नेमला, अदेल अल-खय्यात. लक्सरकर रस्त्यावर उतरले, पर्यटनमंत्र्यांनी निषेध म्हणून राजीनामा देऊ केला, आणि आठवड्याभरातच खय्यात पायउतार झाले. जून २०१५ मध्ये लक्सरमधल्याच कर्नाकच्या देवळाबाहेर आत्मघाती हल्ल्याचा प्रयत्न झाला, पण पोलिसांनी हल्लेखोरांना आत पोचू दिलं नाही. त्याच ऑक्टोबरात सिनाईवर रशियन विमान पडून २२४ जण गेले. आणि त्या दोन्हींच्या मध्ये, सप्टेंबरात, पश्चिम वाळवंटात सुरक्षा दलांनीच मेक्सिकन पर्यटकांच्या गटाला दहशतवादी समजून मारलं. १२ माणसं गेली. बंदोबस्त म्हणजे सुरक्षा असं धरून चालणाऱ्याने ही घटना विसरू नये.

मार्च २०२० मध्ये धोका वेगळ्याच रूपात आला. अस्वानहून लक्सरला येणाऱ्या 'असारा' या क्रूझवर कोरोनाचे ४५ रुग्ण सापडले. बोटीवर भारतीय पर्यटकही होते. गाझातल्या युद्धाच्या सुरुवातीला, ८ ऑक्टोबर २०२३ ला, अलेक्झांड्रियात एका पोलिसानेच दोन इस्रायली पर्यटकांना आणि त्यांच्या इजिप्शियन गाइडला गोळ्या घातल्या. तरीही २०२३ मध्ये जवळपास १ कोटी ४९ लाख पर्यटक आले आणि २०२४ मध्ये त्याहून जास्त. पाश्चात्त्य सरकारांच्या प्रवास-सल्ल्यांत उत्तर सिनाई आणि लिबियाच्या सीमेलगतचं वाळवंट लाल रंगात असतं, लक्सर ते अस्वान बहुधा मोकळं. विमा घेताना हा नकाशा नीट बघून घ्यावा. सल्ला डावलून गेलेल्यांना अनेक विमा कंपन्या भरपाई देत नाहीत.

कैरो-लक्सरचा लांब प्रवास दीडेक दशकांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाला आहे. पण त्यावर मोजक्याच बोटी जातात, त्याही निवडक महिन्यांत, आणि मिन्या-असयूतच्या पट्ट्यात पोलिसांचा बंदोबस्त सोबत असतो. हिवाळ्यात नदीचं पाणी कमी सोडतात, त्यामुळे कधीकधी बोट अडते. आपल्याकडच्या आठ-नऊ दिवसांच्या टूरमध्ये हा लांब प्रवास बसत नाही. ज्यांना अबायडॉस आणि डेंडेरा बघायचंच आहे, ते लक्सरला एक दिवस जास्त थांबतात आणि गाडी करून जाऊन येतात.