ठाणे, येरवडा आणि व्हिटॅमिनची बाटली

मुंबईत कुणी विचित्र वागलं की 'ठाण्याला पाठवा याला' म्हणतात, पुण्यात 'येरवड्याला'. मनोरुग्णालयं नागपूर आणि रत्नागिरीतही आहेत, त्यामुळे टोमणा सोयीनुसार कुठेही वळवता येतो. चेष्टा दोन सेकंदांची असते, पण ती ऐकणाऱ्यांत एखादा असा असतो ज्याला महिनाभर झोप नाही. डॉक्टरकडे जाण्याचा त्याचा विचार तिथेच मागे पडतो.

माझी आत्या नैराश्यावरच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत ओतून ठेवायची. पाहुणे आले तरी बाटली शेल्फवर राजरोस उभी. 'अगं, शक्तीच्या आहेत.' मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं मात्र टेबलावर उघडी पडलेली असायची.

हा कलंक कमी कसा करायचा? सरळ उत्तर वाटतं ते असं: हा मेंदूचा आजार आहे, यात माणसाचा दोष नाही, हे लोकांना समजावून सांगा. अमेरिकेत 1996 आणि 2006 साली लोकांना याबद्दल विचारलं गेलं. दहा वर्षांत मेंदूतल्या बिघाडाचं स्पष्टीकरण बऱ्याच जास्त लोकांना पटलेलं होतं आणि उपचार घ्यावेत असं म्हणणारेही वाढले होते. मात्र 'असा माणूस शेजारी चालेल का, सोबत काम कराल का' या प्रश्नांवरची नाखुशी जिथल्या तिथे होती. 'मेंदूतच बिघाड' म्हटलं की दोष जातो, पण 'हा आपल्यासारखा नाही' ही भावना राहते, कधी घट्टही होते.

मोठ्या माणसांवर जास्त परिणाम होतो तो प्रत्यक्ष भेटीचा, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं. आजारातून गेलेला, आता कामधंदा करणारा माणूस समोर बसून बोलला की ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं ठाणं-येरवडं डळमळतं. (किशोरवयीन मुलांवर मात्र माहितीचा परिणाम अधिक दिसला, म्हणजे शाळेतले तास वाया जात नाहीत.)

आपल्याकडचं उदाहरण अमरावती जिल्ह्यातलं आहे. तिथल्या 30 गावांत एक प्रकल्प राबवला गेला, नाव 'विश्राम'. नावात मन नाही, आजार नाही, वेड तर नाहीच. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जात, छोट्या बैठका घेत आणि लोकांच्याच शब्दांत बोलत: टेन्शन, झोप, कर्ज, अंगदुखी. गरज पडली तर समुपदेशक, त्यापुढे मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्य असलेल्या 100 जणांपैकी जेमतेम 4 जण मदत घेत होते. दीड वर्षानंतरच्या पाहणीत हा आकडा 27 झाला.

मदत म्हणजे दरवेळी गोळ्याच, असंही नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी त्यांतले 64 टक्के नैराश्यातून बरेचसे बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. पद्धत ऐकायला अगदी साधी. मन खचलं की माणूस भजनी मंडळ सोडतो, फोन उचलत नाही, दुपारभर पडून राहतो. मग बरं वाटण्याचे प्रसंगच उरत नाहीत आणि मन आणखी खचतं. हे चक्र कृतीच्या बाजूने उलटं फिरवायचं: इच्छा होण्याची वाट न पाहता आधी छोटं काम ठरवायचं, मंगळवारी बाजारात जाऊन यायचं, आणि नंतर कसं वाटलं ते टिपायचं.

गोळ्या लागल्याच, तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ. 'सवय लागेल' ही भीती झोपेच्या काही गोळ्यांबाबत रास्त आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही, पण त्या डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या असतात.

आत्याचं गुपित फुटलं ते शेजारणीमुळे. डोकेदुखीवर गोळी शोधताना तिने बाटली उघडली आणि चपापून म्हणाली, 'अहो, या तर माझ्याच आहेत.' शेजारीण स्वतःच्या गोळ्या डाळीच्या डब्यात लपवायची. त्या दुपारी दोघींचा चहा दोनदा झाला.

एवढी सोयीची शेजारीण प्रत्येकाला मिळत नाही. 14416 हा 'टेलि-मानस'चा सरकारी क्रमांक आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलता येतं. 'मला नैराश्य आहे' असं म्हणायची गरज नाही. 'झोप लागत नाही' एवढ्यावरून सुरुवात केली तरी पुढचं ते विचारतात.