साखर वाढून ॲडमिट झालात? क्लेमची पात्रता, कागदपत्रं आणि डिस्चार्ज कार्डावरचं निदान

साखर चारशे-पाचशेवर गेली म्हणून रुग्ण ॲडमिट होतो, दोन-तीन दिवसांत बरा होऊन घरी येतो आणि मग आरोग्य विम्याचा क्लेम अडकतो. बिल बरोबर असतं, पॉलिसी चालू असते. अडकतो तो बहुधा डिस्चार्ज कार्डावरच्या निदानाच्या ओळीत. म्हणून कागदपत्रांच्या यादीआधी त्या ओळीबद्दल.

क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. 'अ' भाग विमाधारकानं भरायचा, 'ब' भाग रुग्णालयानं. 'ब' भागात मुख्य निदान, इतर निदान आणि सहव्याधी यांचे आयसीडी-१० कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले क्रमांक) लिहावे लागतात. मधुमेह टाइप १ साठी ई१०, टाइप २ साठी ई११, गरोदरपणात उद्भवलेल्या मधुमेहासाठी ओ२४.४. दशांश चिन्हापुढचा आकडा गुंतागुंत सांगतो: ई११.१ म्हणजे किटोॲसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात किटोन नावाची आम्लं साठणं), ई११.२ मूत्रपिंडावरचा परिणाम, ई११.५ पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास किंवा गँगरीन, आणि ई११.९ म्हणजे गुंतागुंत नाही. मधुमेहाचं निदानच झालेलं नाही, नुसती साखर वाढलेली आढळली, तर आर७३.९. एखाद्या कागदावर ई११.६५ दिसला तर गोंधळू नका. तो अमेरिकी आवृत्तीतला कोड आहे, अर्थ 'टाइप २ मधुमेह, साखर वाढलेली'.

कोड लावणारा कर्मचारी लॅबचा रिपोर्ट बघून स्वतः निदान ठरवू शकत नाही. रिपोर्टमध्ये साखर ५२० आणि किटोन पॉझिटिव्ह असले, तरी डॉक्टरांनी 'किटोॲसिडोसिस' असं लिहिलं नसेल तर कोड साध्या मधुमेहाचाच लागतो. मग विमा कंपनी विचारते, गुंतागुंत नव्हती तर ॲडमिट कशासाठी केलं? 'अनकंट्रोल्ड शुगर' एवढंच लिहिणंही पुरेसं नाही, कारण साखर वाढली की घसरली हे त्यातून कळत नाही. निदानात चार गोष्टी हव्यात: मधुमेहाचा प्रकार, साखर वाढल्याचा स्पष्ट उल्लेख, गुंतागुंत आणि साखर वाढण्याचं कारण (जंतुसंसर्ग, इन्सुलिन चुकणं, स्टेरॉइड).

स्टेरॉइडचा मुद्दा तर फार महत्त्वाचा. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड दिल्यावर आधी मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते. तिथे घाईत नुसतं 'डीएम' (डायबेटिस मेलिटस, म्हणजे मधुमेह) लिहिलं गेलं, तर तो माणूस कागदोपत्री कायमचा मधुमेही होतो आणि पुढच्या प्रत्येक क्लेमला तो शिक्का आडवा येतो. अशा वेळी एचबीए१सी तपासणीचा कागद हाताशी हवा. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते; ६.५ टक्के किंवा जास्त असेल तर मधुमेह धरतात.

आता पात्रता. पॉलिसी चालू हवी आणि ॲडमिशन साधारणपणे किमान २४ तासांचं हवं. शिवाय प्रत्यक्ष उपचार झालेले हवेत: सलाईन, इन्सुलिन, देखरेख. फक्त तपासण्यांसाठी झालेलं ॲडमिशन पॉलिसीतल्या अपवादात बसतं. नव्या पॉलिसीला पहिले ३० दिवस अपघात सोडून आजारांचं संरक्षण नसतं.

सगळ्यात जास्त वाद होतो तो आधीपासूनच्या आजारावर. पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला किंवा उपचार सुचवलेला आजार 'आधीपासूनचा' धरतात. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार त्यासाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने. पॉलिसी सलग ६० महिने चालली, की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हा एकच अपवाद.

म्हणूनच ॲडमिट करताना डॉक्टर किंवा सिस्टर विचारतात, 'शुगर कधीपासून?', तेव्हा घाबरलेल्या नातेवाइकानं अंदाजानं 'असेल आठ-दहा वर्षं' म्हणू नये. ते केस पेपरवर जसंच्या तसं उतरतं. पहिल्या निदानाचा कागद बघून खरं वर्ष सांगा. ठाऊक नसेल तर 'नक्की माहीत नाही' हेच सांगा. खोटं कमी सांगणंही नकोच. जुनी प्रिस्क्रिप्शन्स निघतात आणि मग खरा क्लेमही हातचा जातो.

कॅशलेससाठी, म्हणजे कंपनीनं बिल थेट रुग्णालयाला द्यावं यासाठी, रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचं काम बघणारा कक्ष) हेल्थ कार्ड, आधार आणि ॲडमिशनची चिठ्ठी द्या. प्री-ऑथ फॉर्म (खर्चाच्या पूर्वमंजुरीचा अर्ज) डॉक्टर भरतात. कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा असतो, डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढच्या उशिरामुळे रुग्णालयानं जादा आकार लावला, तर तो कंपनीनं सोसायचा.

पैसे आधी भरून नंतर क्लेम करायचा असेल तर हे जमवा: दोन्ही भाग भरलेला क्लेम फॉर्म, मूळ डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार अंतिम बिल आणि पैसे भरल्याच्या पावत्या, मेडिकलची बिलं त्यांच्या चिठ्ठ्यांसह, सगळे लॅब रिपोर्ट, ॲडमिशनचा सल्ला दिलेला पहिला कागद, रद्द केलेला चेक, केवायसी. मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, ती आधी वाचा. सगळ्या कागदांची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

यादीत नसलेला, पण साखरेच्या क्लेममध्ये हमखास मागितला जाणारा कागद म्हणजे आतल्या केस पेपरमधला शुगर चार्ट. वेळ, ग्लुकोमीटरचं रीडिंग, दिलेलं इन्सुलिन किती युनिट, सिस्टरची सही, असे त्यात रकाने असतात. पहाटे दोनला ४८०, चारला ३९०, सहाला ३१० आणि प्रत्येक वेळी इन्सुलिन दिल्याची नोंद असेल, तर घरी राहून हे उपचार होणार नव्हते हे आपोआप सिद्ध होतं. चार्टमध्ये मधले तास कोरे असले की शंका येते. केस पेपरच्या प्रती मागायचा रुग्णाला हक्क आहे आणि लेखी अर्ज दिल्यावर ७२ तासांत त्या द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. अर्जाची पोच घ्या.

डिस्चार्ज कार्ड बिल भरण्याआधीच वाचून काढा. चूक दिसली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच दुरुस्ती करून घ्या: तारीख, सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह. परस्पर खाडाखोड केलेला कागद क्लेमला उलट घातक ठरतो. आधी केलेल्या हेल्थ चेकअपमध्ये साखर नॉर्मल आली असेल, तर तो रिपोर्टही सोबत जोडा. आजार आधीपासूनचा नव्हता याचा तो उत्तम पुरावा.

तरीही क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे अर्ज करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. कंपनीनं नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा आणि सोबत नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड व शुगर चार्टची प्रत जोडायची.