कृत्रिम स्नायू आणि श्राव्यातीत परीक्षण : योसेफ बार-कोहेन यांच्या कार्याची पार्श्वभूमी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाळका भोपळा हाती आला की कारागीर आधी त्याला टिचकी मारतो आणि कान देतो. नाद मोकळा उठला तर भोपळा कामाचा. आवाज बद्द आला तर आत कुठेतरी चीर आहे किंवा एका अंगाला भिंत पातळ राहिली आहे, हे त्याला भोपळा न कापता कळते. माठ विकत घेताना आपणही हेच करतो, आणि स्थानकात थांबलेल्या गाडीच्या चाकांवर लांब दांड्याच्या हातोडीने ठोके देत जाणारे रेल्वेचे कामगारही हेच करीत असत. वस्तू न फोडता तिच्या आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचे, ही गोष्ट आपल्या भागात कोणाला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. योसेफ बार-कोहेन या भौतिकशास्त्रज्ञाच्या कामाची सुरुवात याच पद्धतीच्या अतिशय सूक्ष्म रूपापासून झाली, मात्र जगात त्यांचे नाव झाले ते कृत्रिम स्नायूंमुळे. वरवर पाहता हे दोन वेगळे व्यवसाय वाटतात. माझ्या मते ते एकाच विषयाचे दोन हात आहेत, आणि ते का, हे समजण्यासाठी १८८० सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखवून दिले की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार प्रकट होतो. पुढच्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन यांनी गणिताने असे मांडले की उलट परिणामही असलाच पाहिजे, म्हणजे विद्युतदाब लावल्यास स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे. क्यूरी बंधूंनी तेही प्रयोगाने पडताळून पाहिले. हाच दाबविद्युत परिणाम. याच १८८० साली जर्मनीत विल्हेल्म रोंटगेन एका वेगळ्याच प्रयोगात गुंतले होते. त्यांनी रबराची एक लांब पट्टी एका टोकाला पक्की बांधली, दुसऱ्या टोकाला वजन टांगले आणि पट्टीवर विद्युतभार चढवून ती लांबते का, भार काढल्यावर पुन्हा आखडते का, हे मोजले. वेल्डिंगची रेडिओग्राफी करणाऱ्या प्रत्येकाला रोंटगेन हे नाव १८९५ मधील क्ष-किरणांच्या शोधामुळे ठाऊक असते, पण त्यांची ही रबराची पट्टी फारशी कोणाला आठवत नाही. विजेने हलणाऱ्या मऊ पदार्थांची, म्हणजे आजच्या कृत्रिम स्नायूंची, वंशावळ मात्र त्या पट्टीपासून सांगितली जाते, आणि बार-कोहेन यांनीही आपल्या लेखनात ती तिथूनच सांगितली आहे.

स्फटिकाची शाखा आधी फोफावली, कारण तिला युद्धाने पाणी घातले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा ठाव घेण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी पोलादाच्या दोन तबकड्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून पाण्यात श्राव्यातीत, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत इतक्या जलद कंपनांच्या, लहरी सोडल्या आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपला. १९२८ च्या सुमारास लेनिनग्राडमध्ये सर्गेई सोकोलोव्ह यांनी हीच लहर धातूतून आरपार पाठवून दोष शोधण्याची कल्पना मांडली. ती खऱ्या अर्थाने कारखान्यात पोहोचली फ्लॉइड फायरस्टोन यांच्यामुळे. मिशिगन विद्यापीठातील या संशोधकाने १९४० मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या यंत्रात लहरीचा छोटासा ठोका धातूत सोडला जाई, आणि तोच स्फटिक पुढच्या क्षणी श्रोता होऊन परत येणारा प्रतिध्वनी ऐकत असे. एकाच बाजूने हात पोहोचत असला तरी चालते, हा या युक्तीचा सर्वांत मोठा फायदा. त्याच काळात ब्रिटनमध्ये डोनाल्ड स्प्राउल हेही स्वतंत्रपणे याच दिशेने काम करीत होते. दवाखान्यातली सोनोग्राफी याच तत्त्वावर चालते.

हे तंत्र सांगली जिल्ह्यात प्रत्यक्ष पाहायचे असेल तर गळीत हंगाम संपल्यावर एखाद्या साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये जावे. ऑफ सीझनमध्ये भट्टी थंड असते, मॅनहोल उघडलेले असते, आणि तपासनीस आत वाकून बसून एकेका ट्यूबचा छोटा तुकडा एमरीने चकचकीत घासून घेतो. त्यावर तो ऑइलचा किंवा ग्रीसचा थेंब लावतो, कारण प्रोब (लहर सोडणारा आणि ऐकणारा स्फटिक ज्यात असतो ती डबी) आणि धातू यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर लहर आत शिरतच नाही. मग अंगठ्याएवढा प्रोब तो तिथे टेकवतो. पोलादात सरळ जाणाऱ्या लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर असतो. भिंत ५ मिलिमीटर जाड असेल तर जाऊन-येऊन १० मिलिमीटरचे अंतर होते आणि त्याला साधारण १.७ मायक्रोसेकंद लागतात. यंत्र हा वेळ मोजते आणि पडद्यावर जाडी दाखवते. राखेने घासून किंवा गंजून भिंत पातळ झाली असेल तर प्रतिध्वनी लवकर परततो, आणि तपासनीस खडूने त्या ट्यूबवर फुली मारतो. कानाने ऐकण्यापलीकडची, सेकंदाला वीस लाख ते पन्नास लाख कंपनांची ही टिचकीच आहे. भारतीय रेल्वेतही गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून रुळांची अशी तपासणी होत आली आहे.

पोलाद ही वस्तू या कामाला सोयीची, कारण लहर तिच्यातून कोणत्याही दिशेने जवळपास सारख्याच वेगाने जाते. विमानांत कार्बन धाग्यांचे संमिश्र पदार्थ वापरले जाऊ लागले तेव्हा ही सोय संपली. रेझिनमध्ये बसवलेल्या धाग्यांचे पातळ थर एकमेकांवर वेगवेगळ्या कोनांत रचलेले असतात, त्यामुळे लहरीचा वेग दिशेप्रमाणे बदलतो आणि पडद्यावर प्रतिध्वनींची नुसती गर्दी दिसते. बार-कोहेन यांची कारकीर्द नेमकी या अडचणीच्या काळात सुरू झाली. १९४७ मध्ये बगदादमध्ये जन्मलेला हा मुलगा कुटुंबासह इस्रायलला गेला, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकला आणि १९७९ मध्ये तिथूनच त्याने डॉक्टरेट मिळवली. शिकत असतानाच तो विमान उद्योगात परीक्षणाचे काम करीत होता. त्यानंतर ते अमेरिकेत डेटन येथे हवाई दलाच्या मटेरियल्स प्रयोगशाळेत आणि पुढे मॅकडॉनेल डग्लस या विमान कंपनीत काम करू लागले.

त्यांच्या नावावर असलेली दोन निरीक्षणे याच काळातली आहेत आणि दोन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे : इतरांना जो गोंधळ वाटत होता त्यात त्यांनी माहिती पाहिली. पहिल्या निरीक्षणात प्रोब पृष्ठभागावर सरळ न धरता तिरका धरला आणि त्याच तिरप्या कोनात तो सभोवार फिरवला. लहरीची दिशा एखाद्या थरातील धाग्यांना काटकोनात आली की परतणारा ध्वनी एकदम वाढतो, आणि इतर दिशांना तो मंदावतो. म्हणजे वर्तुळात एक फेरी मारली की आत किती दिशांना धागे घातले आहेत हे नुसते ऐकून सांगता येते, आणि धाग्यांच्या दिशेने जाणाऱ्या बारीक भेगाही पकडता येतात. दुसऱ्या निरीक्षणात पाण्यात बुडवलेल्या पट्टीवर एका प्रोबने तिरकी लहर सोडली आणि दुसऱ्याने ती झेलली. ठरावीक कंपनसंख्यांना परावर्तित ध्वनी जवळजवळ नाहीसा होत होता. त्याचे कारण असे की पट्टीमध्ये तिच्या लांबीने धावणाऱ्या लहरी जागृत होत होत्या. या लहरींचे गणित होरेस लॅम यांनी १९१७ मध्येच मांडले होते. धावता धावता त्या पाण्यात झिरपतात आणि सरळ परावर्तित झालेल्या लहरीला काही ठिकाणी पुसून टाकतात. कोणत्या कोनाला कोणत्या कंपनसंख्येवर हे पुसणे घडते त्याची नोंद केली की पदार्थाचे स्थितिस्थापकतेचे गुणांक, म्हणजे ताण दिल्यावर तो किती बदलतो ते सांगणारे आकडे, काढता येतात. पदार्थात दोष आहे की नाही एवढ्यावरच न थांबता त्याची ताकद किती उरली आहे, या प्रश्नाकडे परीक्षण इथून सरकले. माझ्या दृष्टीने त्यांच्या संपूर्ण कामातला हा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि कृत्रिम स्नायूंच्या झगमगाटात तो झाकला जातो याची हळहळ वाटते.

१९९१ मध्ये ते पासाडेना येथील नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत रुजू झाले, आणि तिथे स्फटिकाची भूमिका पालटली. जो स्फटिक विजेने कंप पावून लहर सोडतो, तो त्याच कंपनाने दुसऱ्या वस्तूला हलवू शकतो. ऐकणारा आता काम करू लागला. त्यांच्या गटाने बनवलेल्या श्राव्यातीत ड्रिलमध्ये दाबविद्युत चकत्यांचा थर सेकंदाला सुमारे वीस हजार वेळा कंप पावतो, ते कंपन निमुळत्या भागात मोठे होते, आणि त्यापुढे सैल ठेवलेले एक छोटे वजन मधल्या जागेत उड्या मारीत ड्रिलच्या दांड्यावर कमी वेगाचे पण जोरदार ठोके देते. दगड फोडायला यावर फार रेटा द्यावा लागत नाही. १० न्यूटनपेक्षा कमी, म्हणजे किलोभर वजनाइतका दाब पुरतो. मंगळावर गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के आणि लघुग्रहावर तर नगण्य. तिथे साध्या ड्रिलवर रेटा दिला तर यंत्रच उचलले जाईल. तरीही स्फटिकाची एक मर्यादा कायम राहते. तो स्वतःच्या लांबीच्या हजाराव्या भागाएवढाच बदलतो. आपल्या दंडातला स्नायू मात्र सुमारे २० टक्के आखडतो.

या फरकामुळेच रोंटगेनच्या रबरी पट्टीकडे परतणे भाग पडले. मधल्या काळात मऊ स्नायूंचे प्रयत्न अनेक अंगांनी झाले होते. १९५० च्या दशकात जोसेफ मॅककिबेन या लॉस अॅलामॉसच्या भौतिकशास्त्रज्ञाने पोलिओमुळे अधू झालेल्या मुलीसाठी विणलेल्या जाळीतली हवेची नळी वापरून स्नायू बनवला. १९४९-५० च्या सुमारास आरन कात्चाल्स्की आणि वेर्नर कून यांनी आम्ल आणि अल्कली आलटून पालटून दिल्यावर फुगणारे व आखडणारे बहुवारिकांचे (पॉलिमरचे) जेल दाखवले. १९६९ मध्ये जपानमध्ये कावाई यांना एका प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात भरघोस दाबविद्युत परिणाम आढळला. १९७७ मध्ये वीज वाहून नेणारी बहुवारिके मिळाली, ज्यांसाठी शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांना २००० सालचे नोबेल मिळाले. २००० सालच्याच आगेमागे कॅलिफोर्नियात एसआरआय संस्थेतील रॉन पेलरिन आणि सहकाऱ्यांनी ताणून बसवलेल्या रबराला उच्च दाबाची वीज देऊन ते १०० टक्क्यांहून अधिक पसरवून दाखवले. विद्युत-सक्रिय बहुवारिके हे या सर्वांचे एकत्र नाव. बहुवारिक हा शब्द अवघड वाटतो खरा, पण मराठी विश्वकोशाचे काम शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईला, ज्या चिकाटीने झाले ती पाहता असे शब्द टाकून द्यावेसे वाटत नाहीत.

बार-कोहेन यांनी या विखुरलेल्या माणसांना १९९९ पासून एका वार्षिक परिषदेत आणि एका वार्तापत्रात एकत्र आणले. स्वतःच्या गटातही त्यांना कडू अनुभव आला होता. जपानच्या लघुग्रह मोहिमेसाठी नासा एक छोटा रोव्हर बनवत होती आणि त्याच्या खिडकीवरची धूळ पुसायला आयनयुक्त बहुवारिकाची वाकणारी पट्टी वापरायचे ठरले होते. दोन-तीन व्होल्टवर ती वाकत असे, हे खरे. पण आतले पाणी सुकले की ती थांबे, १.२३ व्होल्टच्या वर त्या पाण्याचे विघटन सुरू होई, आणि विद्युतदाब तसाच ठेवला तरी ती हळूहळू मागे सरके. पुढे २००० मध्ये तो रोव्हरच रद्द झाला. या अडचणी लपवून न ठेवता त्यांनी त्या मांडल्या, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

त्याच १९९९ साली त्यांनी या क्षेत्रापुढे एक आव्हान ठेवले : कृत्रिम स्नायूंच्या हाताने माणसाशी पंजा लढवून जिंकून दाखवावे. कुस्तीच्या या मुलखात अशा आव्हानाचा अर्थ वेगळा सांगायला नको. ७ मार्च २००५ रोजी सॅन डिएगो येथे पहिली लढत झाली. समोर १७ वर्षांची एक शाळकरी मुलगी होती, आणि तिच्याविरुद्ध तीन हात : न्यू मेक्सिकोतील एका कंपनीचा, स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेचा आणि व्हर्जिनिया टेकच्या विद्यार्थ्यांचा. मुलीने तिन्ही हरवले. पहिला हात २६ सेकंद टिकला, दुसरा ४ आणि तिसरा ३. स्विस हातात रबरी पापुद्र्यांच्या गुंडाळ्यांचे अडीचशेहून अधिक स्नायू बसवलेले होते. पुढच्या वर्षी माणसाशी प्रत्यक्ष झुंज न लावता मोजयंत्रावर हाताचा जोर आणि वेग नोंदवण्याची पद्धत आली, आणि मुलीच्या नोंदीच्या तुलनेत यंत्राचे हात फार मागे असल्याचे आकड्यांत दिसले.

त्यानंतर वाटा वळल्या. २०१४ मध्ये रे बॉमन यांच्या गटाने मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याला पीळ देऊन वेटोळी केली आणि उष्णतेने आखडणारा स्नायू बनवला. तेवढ्याच लांबीच्या व वजनाच्या मानवी स्नायूपेक्षा तो शंभरपट वजन उचलतो. विजेवर चालणाऱ्या रबरी पापुद्र्यांपुढे मात्र जुनाच प्रश्न उभा राहिला. त्यांना हजारो व्होल्ट लागतात, आणि पापुद्र्यात कुठे बुडबुडा, धुळीचा कण किंवा पातळ जागा असली तर वीज तिथूनच आरपार जाते, रबर जळून सुईएवढे भोक पडते आणि सगळा स्नायू निकामी होतो. म्हणून पापुद्रा ताणून बसवण्यापूर्वी त्याची जाडी जागोजागी मोजावी लागते.